फायनल_फायनल_२ नावाचा जिल्हा

नकाशाची माहिती साध्या फाइलीत ठेवून दुरुस्त करायची की डेटाबेसमध्ये, हा वाद ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा संपेपर्यंत चालतो आणि चहा संपला की मिटतो. बाहेरच्या माणसाला तो आमच्या धंद्यातला किरकोळ वाद वाटतो. मला तसा वाटत नाही. मी धाराशिव जिल्ह्यातला. इंजिनिअरिंग करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी ओपनस्ट्रीटमॅपवर माझ्या जिल्ह्यातले रस्ते, वाड्या, तांडे, विहिरी आणि शाळा भरत बसतो. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. ज्या नकाशात एकाहून जास्त माणसांनी दुरुस्त्या करायच्या आहेत, तो साध्या फाइलीत ठेवणं ही चूक आहे. आणि ज्या नकाशाची संपूर्ण फाइल लोकांना मिळत नाही, तो डेटाबेसमध्ये कोंडून ठेवणं ही त्याहून मोठी चूक आहे. पहिली चूक कचेऱ्या करतात आणि माझे दोस्तही करतात. दुसरी मोठ्या कंपन्या आणि सरकारी पोर्टलं करतात. भोगतो तो नकाशावर नसलेला माणूस.

आधी शब्द समजून घेऊ

साधी फाइल म्हणजे एक्सेलची शीट, सीएसव्ही, गूगल अर्थमधली केएमएल, जिओजेसन किंवा शेपफाइल. सगळी माहिती एका ठिकाणी, कॉपी केली की दुसऱ्याची झाली. व्हॉट्सॲपवर पाठवता येते, पेनड्राइव्हवर नेता येते. डेटाबेस म्हणजे माहितीच्या दारात बसलेला एक कारकून. तुम्ही थेट कपाट उघडायचं नाही. त्याला सांगायचं, मला हे बदलायचं आहे. तो नियम तपासतो, दुसरं कोणी त्याच वेळी तेच बदलतंय का ते बघतो, आणि सगळं ठीक असेल तरच नोंद करतो.

हे परकं वाटत असेल तर तुमच्या हातातला फोन बघा. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचे मेसेज एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असतात. २००० साली आलेला हा छोटा डेटाबेस आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. गंमत अशी की एसक्यूलाइटचा अख्खा डेटाबेस ही शेवटी एकच फाइल असते. म्हणजे 'फाइल की डेटाबेस' या प्रश्नाचा खरा अर्थ डिस्कवर काय पडलंय हा नाहीच. दारात कोणी नियम राखणारा आहे की नाही, हा आहे.

आता कचेरीतली शेपफाइल बघू. ती एस्री या कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि आजही नकाशाच्या कामात जिकडेतिकडे तीच चालते. नाव 'फाइल' असलं तरी ती एक नसते, किमान तीन असतात. त्यातली एक पाठवायची राहिली की समोरच्याकडे काही उघडत नाही. तिच्या तक्त्यात कॉलमच्या नावाला दहा बाइटची जागा. इंग्रजीत दहा अक्षरं बसतात. युनिकोडमधल्या देवनागरीला दर चिन्हामागे तीन बाइट लागतात, म्हणून तीनच चिन्हं बसतात. 'गाव' हा शब्द तेवढा मावतो, 'गावाचे नाव' मावत नाही. कोणत्या एन्कोडिंगमध्ये लिहिलंय हे सांगणारी जोडफाइल हरवली, की मराठी नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मग साहेब म्हणतात, इंग्रजीत टाका. इंग्रजीत टाकलं की उमरग्याचं ओमेर्गा होतं, कळंबचं कल्लम होतं, आणि पुढचा माणूस या दोन वेगळ्या गावांच्या दोन ओळी करतो. आपल्या गावांची नावं बिघडायला आपली भाषा कारण नाही. तीस वर्षांपूर्वीचा एक फॉरमॅट कारण आहे, आणि तो सोडायला कोणी तयार नाही.

वाशी कुठली?

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. यातला कळंब यवतमाळ जिल्ह्यातही आहे. वाशी म्हटलं की अर्ध्या महाराष्ट्राला नवी मुंबईतला मॉल आठवतो. फाइलीत माणसं नावावरून ओळी जुळवतात, कारण नाव समोर दिसतं. पण नाव ही ओळख नाही. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याला ५२५ हा कोड होता. नाव काहीही लिहा, ५२५ म्हणजे तोच जिल्हा. डेटाबेस बनवताना पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: या ओळीची ओळख काय? फाइल हा प्रश्न कधीच विचारत नाही. ती निमूटपणे काहीही साठवून घेते.

हे पुस्तकी वाटत असेल तर जिल्ह्याच्या नावाचंच उदाहरण घ्या. उस्मानाबादचं धाराशिव करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. शहराच्या नावाला केंद्राची संमती फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. जिल्हा, तालुका आणि महसुली हद्दींच्या नावाची अंतिम अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. नाव असं टप्प्याटप्प्यानं बदललं. या काळातली एखादी नोंद आज वाचायची, तर ती कोणत्या तारखेची आहे हे कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

फाइलवाला काय करतो? कंट्रोल-एच दाबतो. 'उस्मानाबाद' शोधा, 'धाराशिव' टाका, सगळं बदला. एका क्षणात उस्मानाबादी शेळीची धाराशिवी शेळी होते. १९९८ च्या कागदाचा संदर्भ असलेल्या ओळीत त्या कागदावर नसलेलं नाव येतं. कोणी बदललं, कधी, कशाच्या आधारावर, याचा मागमूस राहत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तेच ठिकाण आपला कायमचा क्रमांक धरून बसलेलं असतं. चालू नाव एका टॅगमध्ये, जुनं नाव दुसऱ्यात, मराठी, उर्दू, इंग्रजी नावं आपापल्या टॅगमध्ये. नावावरून लोक भांडतात, एकमेकांची दुरुस्ती उलटवतात, तेही होतं. पण प्रत्येक फेरी नोंदलेली राहते. नामांतराच्या बाजूनं असा की विरोधात, या गोष्टीवर दोघांचं एकमत व्हायला हवं. काय होतं हे पुसून टाकून कोणाचाच मुद्दा सिद्ध होत नाही.

एकाच नावाची दोन गावं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्याकडं घराघरात ती कालच्यासारखी सांगतात. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. आमच्या बाजूला लोहारा आणि उमरगा भागाला मोठा फटका बसला. सास्तूरचं नाव आजही त्या पहाटेसोबतच निघतं.

आता अशा गावाची फाइलीत नोंद कशी करणार? एक ओळ, एक नाव, एक अक्षांश, एक रेखांश. नवी जागा लिहिली तर जुनं गावठाण नाहीसं होतं. पण तिथं देऊळ असतं, विहीर असते, आणि जमिनी तर हललेल्याच नसतात. शेतकरी राहतो नव्या गावात आणि पेरतो जुन्या शिवारात. जुनी जागा तशीच ठेवली तर रुग्णवाहिका ओसाड गावठाणात जाऊन उभी राहते. दोन ओळी केल्या तर गावांची संख्या एकानं वाढते, आणि कोणीतरी हुशार माणूस 'डुप्लिकेट' म्हणून त्यातली एक काढून टाकतो. कोणती काढली, हे त्यालाही नंतर सांगता येत नाही.

गाव हलणं ही घटना आहे. घटनेला तारीख असते, कारण असतं, आधीची स्थिती असते आणि नंतरची स्थिती असते. साध्या फाइलीला फक्त स्थिती कळते. आमच्यासारख्या जिल्ह्याचा नकाशा घटनांनी भरलेला आहे: भूकंप, धरणाखाली गेलेली जमीन, हैदराबाद संस्थानातून भारतात येणं, मग मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात, नवे तालुके, नवं नाव. ज्या भागात एवढं बदललं, तिथं 'आज काय आहे' एवढंच साठवणं म्हणजे अर्धी माहिती रोज फेकून देणं.

तलाठ्याचं दप्तर

इथं मला माझ्या क्षेत्रातल्या लोकांना एक गोष्ट सांगायची आहे. बदलांची नोंदवही वेगळी ठेवायची आणि चालू स्थिती त्यातून तयार करायची, ही कल्पना आपण परदेशी परिषदांची भाषणं ऐकून शिकतो. गावचा तलाठी ती पिढ्यानपिढ्या वापरतोय.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. त्यावर आज जमीन कोणाची, किती, कोणतं पीक हे असतं. पण सातबारा स्वतःच्या बळावर बदलत नाही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, की आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. नोंदीला क्रमांक मिळतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे ६-अ मध्ये जातं. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढतं, शेजारी फेरफार क्रमांकासह. त्या क्रमांकाचा धागा धरून मागं मागं गेलं की मराठवाड्यात लोक १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत पोचतात.

ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टनं सुरू केलं. त्याच्या डेटाबेसमध्ये २००९ पासून प्रत्येक दुरुस्ती 'चेंजसेट'मध्ये बांधली जाते: कोणी केली, केव्हा केली, आणि कशासाठी केली ते सांगणारी एक ओळ. प्रत्येक बिंदू आणि रस्त्याला आवृत्ती क्रमांक असतो. मी चौथ्या आवृत्तीवर काम करत असताना तुम्ही पाचवी जतन केली असेल, तर सर्व्हर माझी दुरुस्ती नाकारतो आणि सांगतो की आधी नवी आवृत्ती बघ, मग बोल. साध्या फाइलीत याच जागी काय होतं? ज्यानं शेवटी सेव्ह केलं तो जिंकतो. दुसऱ्याचं दिवसभराचं काम गेलेलं असतं आणि ते गेल्याचं दोघांनाही माहीत नसतं.

चेंजसेट म्हणजे फेरफार. चालू नकाशा म्हणजे सातबारा. फरक आहेच. तलाठ्याकडं हरकत आधी आणि नोंद नंतर, ओपनस्ट्रीटमॅपवर नोंद आधी आणि तपासणी नंतर. दोन्हीत चुका होतात, दोन्हीत लबाडीही होते. पण लबाडी झाली तर ती कोणत्या क्रमांकानं झाली हे दाखवता येतं. सातबारा संगणकावर चढवताना भरपूर चुका झाल्या, म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेतलं गेलं. संगणकातले उतारे लोकांसमोर वाचून दाखवले, चुका मागितल्या, आणि त्या दुरुस्त करायला सॉफ्टवेअरमध्ये वेगळी सोय केली. चूक सापडली, कारण ताडून बघायला खाली जुनं दप्तर होतं. दप्तरच नसतं तर वाचून काय फायदा?

आणि तरीही, जमिनीच्या मालकीसाठी एवढी काळजी घेणारी हीच व्यवस्था गावं, वस्त्या, रस्ते आणि मंडळं यांच्या नकाशासाठी एक्सेल फिरवते. आधीच्या एका नोकरीत मला एका कामासाठी एकाच जिल्ह्यातल्या गावांच्या तीन याद्या मिळाल्या. तिन्ही ईमेलनं आल्या, तिन्हींच्या नावात 'फायनल' होतं, एकीच्या नावात दोनदा. तिन्हींतली गावांची संख्या वेगळी. कोणती खरी, असं विचारल्यावर उत्तर आलं, 'शेवटची घ्या.' शेवटची म्हणजे शेवटी आलेली की शेवटी बनवलेली? याचं उत्तर तिथं कोणाकडंच नव्हतं, आणि काम पुढं सरकलं.

शीव एकच असते

माझे काही मित्र या टप्प्यावर म्हणतात, 'अरे, एवढं कशाला? जिओजेसन कर, गिटमध्ये टाक. इतिहास मिळतो, कोणी काय बदललं ते मिळतं, सर्व्हरचा खर्च शून्य.' त्यांचा मुद्दा हलका नाही. मजकुराची साधी फाइल तीस वर्षांनीही उघडेल. डेटाबेसचा सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो, वीज लागते, बिल भरावं लागतं. प्रकल्पाचा निधी संपला की सर्व्हर बंद पडतो, फाइल पडून राहते. डेटामीटसारख्या समूहानं भारताचे खुले नकाशे अशाच फाइलींतून लोकांपर्यंत पोचवले आणि त्यांचा मोठा उपयोग झाला. मी स्वतः ते वापरले आहेत.

पण वाटणं वेगळं आणि संपादन करणं वेगळं. २००५ मध्ये गिट जन्माला आलं ते प्रोग्रॅमसाठी, म्हणजे ओळींच्या मजकुरासाठी. नकाशा ओळींचा नसतो. दोन गावांची शीव घ्या. जमिनीवर ती एकच असते. जिओजेसनमध्ये किंवा शेपफाइलीत मात्र प्रत्येक गावाचा आकार आपल्या हद्दीचे सगळे बिंदू स्वतःकडं वेगळे लिहून ठेवतो. मी अलीकडच्या गावाची शीव दहा मीटर सरकवली, तर पलीकडच्या गावाची प्रत जुन्याच जागी राहते. मध्ये एक पट्टी तयार होते, जी कोणत्याच गावाची नाही किंवा दोन्ही गावांची आहे. गिटला यात काहीच वावगं दिसत नाही, कारण ओळी वेगवेगळ्या होत्या. त्यानं दोन्ही बदल आनंदानं जोडून टाकलेले असतात. आपल्याकडं बांधाच्या एका फुटावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाही, आणि आपण मात्र गावाच्या हद्दीचे दोन दोन मालक फाइलीत बसवतो.

ओपनस्ट्रीटमॅपच्या रचनेत शिवेवरचा बिंदू एकदाच असतो आणि दोन्ही गावं त्याच बिंदूकडं बोट दाखवतात. बिंदू हलला की दोघांची हद्द हलते. कोणता रस्ता वापरात असलेला बिंदू पुसायला गेलात तर सर्व्हर नकार देतो. कोणी म्हणेल, ही रचनेची करामत आहे, डेटाबेसची नाही. अशी रचना फाइलीतही लिहिता येते. मान्य, लिहिता येते. पण राखणार कोण? फाइल कोणत्याही एडिटरमध्ये उघडून कोणीही तो नियम मोडू शकतो, आणि फाइल तक्रार करत नाही. नियम लिहून ठेवणं आणि नियम मोडणाऱ्याला दारातच थांबवणं, यातलं अंतर आपल्या देशात तरी समजावून सांगायची गरज पडू नये.

शिवाय एक साधी गोष्ट. गिट कोणाला येतं? मला येतं, माझ्या मित्रांना येतं. भूमच्या आशाताईंना येत नाही, आणि कोणत्या वस्तीवर कोणत्या वाटेनं जायचं हे मला नाही, त्यांना माहीत आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाबेसपुढं आज फोनवर चालणारी ॲप आहेत. त्यातलं स्ट्रीटकम्प्लीट तर नुसते प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी आहे का, या दुकानाचं नाव काय? उत्तर दिलं की दुरुस्ती नोंदली जाते. नियम दारात असले की आत यायला इंजिनिअर असावं लागत नाही. नियम माणसाच्या डोक्यात असले की फक्त इंजिनिअरच आत येऊ शकतो.

कोंडलेला नकाशा

इथवर वाचून डेटाबेसवाले खूश झाले असतील तर त्यांनी थांबावं. माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे.

मोठ्या कंपनीच्या नकाशावर तुम्ही तुमच्या वस्तीचं नाव टाकू शकता. ते नाव त्यांच्या डेटाबेसमध्ये जातं, त्यावर सगळे नियम चालतात, इतिहासही बहुधा साठतो. पण तुम्ही भरलेली अख्ख्या तालुक्याची माहिती एकत्र उचलून परत घेता येते का? नाही. सरकारी पोर्टलवर गट नंबर टाकला की एक एक प्लॉट दिसतो. बघा, प्रिंट काढा. संपूर्ण गावाचा, संपूर्ण तालुक्याचा नकाशा वापरता येईल अशा रूपात मागितला तर तसं बटनच नसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशांच्या माहितीवरचे निर्बंध सैल केले, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. भाषा मोकळी झाली. पण तुमच्या महसूल मंडळाची हद्द हवी असेल तर अजूनही कोणाच्या तरी ओळखीनं फाइलच मिळवावी लागते. आणि ती कोणत्या साली बनवली हे फाइल देणारा सांगू शकत नाही.

मंडळाची हद्द म्हणजे निरुपयोगी रेघ नव्हे. अतिवृष्टीची मदत ठरवताना महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला का, हे पाहिलं जातं. पीक विम्याचा हिशोबही बहुतेक पिकांसाठी मंडळावरच होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुरानं शेतं खरवडून नेली, तेव्हा कोणतं गाव कोणत्या मंडळात हा प्रश्न पैशाचा होता. एका यादीत गाव चुकीच्या मंडळात बसलं, तर पाऊस शेतावर पडूनही कागदावर पडत नाही. शेतकऱ्याला मग सिद्ध करावं लागतं की आपलं गाव जिथं आहे तिथंच आहे. हातात काय घेऊन सिद्ध करणार, जर हद्दीची फाइलच त्याला मिळत नसेल?

२०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि उस्मानाबाद. तेव्हापासून आमच्या जिल्ह्याची प्रगती डॅशबोर्डवर मोजली जाते. आरोग्य, शिक्षण, शेती, सगळ्याचे आकडे. आकड्याच्या मुळाशी गावांची आणि वस्त्यांची यादी असते. यादीत नसलेला तांडा डॅशबोर्डवर मागासही नसतो आणि पुढारलेलाही नसतो. तो नसतोच.

म्हणून ओपनस्ट्रीटमॅपची जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, ती त्याचा डेटाबेस नाही. तो दर आठवड्याला अख्ख्या जगाची फाइल बाहेर काढून ठेवतो. संपूर्ण इतिहासासकट वेगळी फाइलही असते, आणि दर मिनिटाला काय बदललं याच्या छोट्या फाइलीही निघतात. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावर भारताचा पश्चिम विभाग रोज ताजा मिळतो. उमरग्यातला एखादा विद्यार्थी तो उतरवून घेऊ शकतो, स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू शकतो, चुकीचं काय ते दाखवू शकतो. उद्या ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांनी वेडेपणा केला, तर परवाना सांभाळून तीच माहिती घेऊन कोणीही दुसरं घर बांधू शकतो. निघून जाण्याची सोय असते, म्हणूनच तिथं राहणाऱ्याच्या शब्दाला किंमत असते.

२०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडीतले कागद हैदराबादपासून तहसीलच्या रेकॉर्डरूमपर्यंत धुंडाळले गेले. ज्याचा कागद सापडला त्याचा अर्ज पुढं गेला. त्यातून कोणाच्या मागणीबद्दल काय मत असायचं ते असो, नोंदींबद्दल एक धडा सगळ्यांना मिळाला: एकाच ठिकाणी, एकाच्याच ताब्यात असलेली प्रत ही नसल्यासारखीच असते.

मग मागायचं काय?

मागणी अवघड नाही. जिल्ह्यातली गावं, वाड्या, तांडे, मंडळं आणि रस्ते यांची एक नोंद असावी, आणि प्रत्येकाला न बदलणारा क्रमांक असावा. बदल थेट यादीत न करता फेरफारासारखा नोंदवला जावा: कोणी, केव्हा, कोणत्या कागदावरून. हरकत घ्यायची सोय असावी आणि हरकतही दिसावी. मराठी नाव हे मूळ नाव असावं, इंग्रजी त्याचं लिप्यंतर. आणि दर महिन्याला त्या सगळ्याची फाइल, तारखेसकट, कोणालाही न विचारता उतरवता यावी. यासाठी लागणारं पोस्टग्रेस आणि पोस्टजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना ते शिकायला एक सेमिस्टर पुरतं. दरवर्षी शेवटच्या वर्षाला जेवण पोचवणाऱ्या ॲपची नक्कल करण्यापेक्षा हे काम नोकरीच्या मुलाखतीतही जास्त बोलेल.

माझ्या बरोबरीच्या प्रोग्रॅमरांना वेगळं सांगणं आहे. ईमेलनं आलेल्या 'फायनल'वर ॲप उभं करू नका. क्लायंटला विचारा: यातली चूक सापडली तर ती कोणाला कळवायची आणि दुरुस्ती झाली हे मला कसं कळणार? उत्तर नसेल तर तुमच्या हातात नकाशा नाही, नकाशाचा एक जुना फोटो आहे. फोटोवर रस्ता शोधायचा प्रसंग तुमच्यावर येणार नाही, कारण तुम्ही पुण्यात असाल. तो येईल रात्री दोन वाजता १०८ ची गाडी घेऊन निघालेल्या ड्रायव्हरवर.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, तुम्हाला सरकारची वाट बघायची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅप उघडा, तुमचं गाव शोधा. वस्तीवर जाणारी गाडीवाट आहे का बघा. गावाच्या नावावर टिचकी मारली की 'इतिहास' असा दुवा दिसेल, तो उघडा. कोणी आणि केव्हा काय लिहिलं ते वाचा. चुकलं असेल तर दुरुस्त करा आणि कारण मराठीत लिहा. मग तोच प्रश्न घेऊन तहसीलमध्ये जा आणि त्यांच्या यादीचा इतिहास मागा. मिळणार नाही, बहुतेक. पण मागणारे वाढले की 'शेवटची घ्या' हे उत्तर देणं अवघड होत जाईल.